ग्रंथालय खिशात, ग्रंथ कुठे?

विद्यापीठांच्या ग्रंथपालांनी मोबाईलवर ॲप आणलं. झकास! पुस्तक आहे की नाही ते घरबसल्या कळतं, मुदत वाढवता येते, दंड तर न विचारताच कळतो. (याबाबतीत आमची बँकही अशीच तत्पर.)

पण ॲपवर 'उपलब्ध' असलेला ग्रंथ फळीवर नसतो, त्याचं काय? आमची कन्या एम. कॉम.ला आहे. ६५७ क्रमांकाचं, म्हणजे हिशेबशास्त्राचं पुस्तक शोधत ती तासभर हिंडली. सापडलं ६४१मध्ये, पाकशास्त्रात! हिशेब शिजवतात हे मी जाणतो, पण इतक्या उघडपणे?

कारण साधं आहे. पुस्तकं जागच्या जागी लावणारे परिचर निवृत्त झाले, त्यांची जागा रिकामीच. ॲपला पैसा आहे, माणसाला नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथनांचा १९३१ सालचा चौथा नियम. तो ॲपने पाळायचा, तर फळीवर कुणी माणूस हवा ना!

खातेवहीत शिल्लक आणि तिजोरीत खडखडाट, याला आमच्याकडे अफरातफर म्हणतात; कॅशियर घरी जातो. ग्रंथालयात यालाच डिजिटल सेवा म्हणतात, आणि उद्घाटनाला कुलगुरू येतात. ॲप खुशाल ठेवा हो, पण आधी ती एक जागा भरा. आणि ग्रंथालय सहाला बंद होतं, तेवढंही ॲपवर लिहा.