बॉनेटखालचा दसरा

बालमित्रांनो, घटस्थापना झाली की आपल्या पुण्यात एक उद्योग जोरात सुरू होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेठेतल्या बोळात, रस्त्याच्या कडेला, जिथे बघावं तिथे गाड्या धुणं चाललेलं असतं! खंडेनवमीला आपापल्या अवजारांची पूजा करायची, ही आपली जुनी रीत. शेतकरी नांगर-कोयत्याची पूजा करतो, सुतार रंधा-करवतीची. एसटीच्या डेपोत आणि पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू लागतं. आणि दसऱ्याला दारातल्या गाडीच्या गळ्यात झेंडूची माळ पडते.

आता मला सांगा, गाडीतलं खरं अवजार कोणतं? चकचकीत दरवाजे? आरसे? छे! राबतं ते इंजिन. आणि ते बिचारं बॉनेटखाली पावसाळाभरचा चिखल, गुलमोहराची कुजकी पानं आणि तेलकट धूळ अंगावर घेऊन तसंच बसलेलं असतं. दिवाणखाना लखलखीत आणि स्वयंपाकघरात पसारा, तशातली ही गत! म्हणून यंदा बॉनेटखालीही दसरा करू या. पण एक अट आधीच सांगून ठेवते. आई-बाबा किंवा घरातलं कुणी मोठं माणूस सोबत असल्याशिवाय बॉनेटला हात लावायचा नाही. कबूल?

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, "बाई, जिथे कुणी बघतच नाही, तिथे पुसून काय मिळणार?" छान प्रश्न आहे. अरे, तिथे आपल्यालाच बघता यावं म्हणून तर पुसायचं! पाटी कोरी असली की एक रेघही उठून दिसते. तसंच स्वच्छ इंजिनावर तेलाचा नवा थेंब लगेच दिसतो. मळक्या इंजिनावर मात्र गळती महिनोन् महिने लपून बसते. मग दिवाळीच्या सुट्टीत सगळे गावाला निघाले, की खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी वाफा सोडायला लागते. गळती ब्रेक ऑइलची असेल, तर तो जिवाशीच खेळ. आलं ना लक्षात? पुसणं ही नुसती हौस नव्हे, ती तपासणी आहे.

थंड गाडी, कोरडं फडकं

हे काम सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर करायचं. किल्ली काढून घरात ठेवून द्यायची, कारण काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असलं तरी एकाएकी फिरायला लागतो. बॉनेट उघडण्याआधी त्यावर दोन थापा मारा. का बरं? थंडी-पावसात मांजराची पिल्लं ऊब शोधत आत शिरून बसतात. थाप ऐकली की बाहेर पळतात.

बॉनेट उघडून त्याचा दांडा खाचेत नीट अडकवला, की लगेच पुसायला धावू नका. आधी वहीत चित्र काढा. बॅटरी कुठे आहे? काचेवर पाणी उडवणारी टाकी कुठली? कूलंटची बाटली, इंजिन ऑइल मोजायची पट्टी, ब्रेक ऑइलची छोटी डबी, फ्यूज बॉक्स, सगळं बाबांना किंवा आईला विचारून लिहा. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी. त्याच्या बाटलीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये आहे ना, ते बघून टिपून ठेवा.

आता नाकाला रुमाल बांधा आणि हातमोजे घाला. काचेच्या खालच्या खाचेतली पानं हाताने वेचा. ती कुजली की पाणी वाहून जायची भोकं बुजतात. मग रंगाचा जुना, कोरडा ब्रश घेऊन वरून खाली धूळ झाडा. खालून वर झाडलंत तर पुसलेल्यावरच पुन्हा धूळ पडेल, हे काही मी सांगायला नको! शेवटी अर्ध्या बादलीत भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाका. फडकं घट्ट पिळून प्लॅस्टिकची झाकणं आणि रबरी नळ्या पुसा. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. बस्स, तुमचं काम एवढंच.

हे मात्र करायचं नाही!

नळी लावून इंजिनावर पाणी मारायचं नाही. तारांच्या जोडांवर रबरी टोप्या असतात. त्या पावसाचे उडालेले शिंतोडे अडवतात, पण जोराचा फवारा त्यांच्याही आत घुसतो. गाडी त्याच दिवशी बंद पडेल असं नाही. ओल आत राहते, धातूला गंज चढतो आणि काही दिवसांनी गाडी अडून बसते. गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार म्हणजे आपली नाना पेठ. तिथले एक मिस्त्रीकाका मला हसून म्हणाले होते, "बाई, लोक हौसेनं इंजिन धुतात आणि मग वाळवायला आमच्याकडे आणतात!" बॅटरी आणि फ्यूज बॉक्सजवळ तर ओलं फडकंही न्यायचं नाही. गाडी विजेवर चालणारी किंवा हायब्रिड असेल, तर तिच्यात जाड नारिंगी तारा दिसतील. त्यांत घातक दाबाची वीज असते. त्यांना शिवायचंसुद्धा नाही.

पेट्रोल किंवा रॉकेलने पुसायचं नाही. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते आणि रॉकेलने रबर फुगून खराब होतं.

रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडायचं नाही, मोठ्यांनीही नाही! आपलं पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळतं. रेडिएटर मात्र कुकरसारखा झाकणबंद असतो. आत दाब असतो, म्हणून तिथलं पाणी १०० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, आणि तेच पाणी क्षणात उकळून अंगावर उसळतं. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसा, नाहीतर कुत्री-मांजरं चाटतात.

आता पालकांसाठी दोन शब्द. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर ते काम मुलांना देऊ नका. बॅटरीत गंधकाम्ल असतं. आधी हातातली अंगठी आणि कडं काढा. हातमोजे आणि चष्मा घाला. तार सोडवताना आधी ऋण टोकाची सोडवा आणि जोडताना तीच शेवटी जोडा. खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावा, पण बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. फेस येईल. मुलांना लांबून तो जरूर दाखवा आणि विचारा, आम्लात सोडा पडला की कोणता वायू सुटतो?

तेलाचा थेंब जातो कुठे?

मुलांनो, अंगणात नळी लावून धुतलेलं तेलकट पाणी फरशीवरून दिसेनासं होतं. पण ते संपतं का? नाही. पावसाळी गटारातून ते ओढ्यात जातं आणि ओढ्यातून मुठेत. संगम पुलापाशी मुठा मुळेला भेटते. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेचं पाणी उजनी धरणात साठतं. तिथे भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि त्याच धरणाचं पाणी सोलापूरकर पितात. उजनीच्या पुढे पंढरपूर लागतं. तिथे याच भीमेला चंद्रभागा म्हणतात आणि वारकरी तिच्यात स्नान करतात. म्हणजे आपल्या दारातला काळा थेंब केवढ्या लांबच्या प्रवासाला निघतो, बघा! म्हणून तेलकट चिकटा पाण्याने सोडवायचा नाही, जुन्या फडक्याने टिपून घ्यायचा. ते फडकं पिशवीत बांधून वेगळं ठेवा आणि गॅरेजवाल्या काकांना विचारून त्यांच्या तेलकट कचऱ्यात द्या.

काम झालं की ब्रश आणि फडकी मोजून बाहेर काढा. एखादं फडकं आत राहिलं तर ते पट्ट्यात अडकेल किंवा तापून पेटेल. अर्धा तास बॉनेट उघडंच राहू द्या आणि मगच मोठ्यांना गाडी सुरू करायला सांगा. झेंडूची माळ पुढच्या जाळीवर घातलीत, तर पूजा झाल्यावर काढून ठेवा. रेडिएटरला वारा त्याच वाटेने मिळतो.

या आठवड्याचा उद्योग

१) रात्री गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग बघा. स्वच्छ पाण्याचा डाग बहुधा एसीचा असतो, काळजी नको. काळा-तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा निळसर असेल तर कूलंट. फिकट पिवळा आणि तेलकट असेल तर ब्रेक ऑइल असू शकतं. तेव्हा गाडी हलवण्याआधी मेकॅनिकला बोलवायला सांगा. डागांना हात मात्र लावू नका.

२) तुमच्या नळाखाली बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून मोजा. समजा, १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली, तर १० मिनिटं नळी चालू ठेवून गाडी धुणारे काका किती लिटर पाणी सांडतात? उत्तर आलं की आपली अर्धी बादली आठवा.

गाडी नसेल तर हिरमुसू नका. सायकलची साखळी, आईचं शिलाई मशीन, आजोबांचा टेबलफॅन आहेच की! पंख्याचा प्लग काढायला मात्र मोठ्यांना सांगा. "हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे" म्हणतात ना, तर हात फिरवताना डोळेही फिरवा. पुठ्ठ्यावर कोणता डाग सापडला, ते मला नक्की कळवा हं!