लाळ आटली की बुरशीला रान मोकळे

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतलेल्या अनेक रुग्णांची तक्रार सारखीच असते. तोंडाला कोरड पडते, पाण्याशिवाय घास उतरत नाही. काहींच्या जिभेवर पुढे पांढरा थर येतो आणि तिखटाने आग होते. हा थर बहुतेकदा कॅन्डिडा या बुरशीचा असतो.

ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही असते. लाळ तिला आवरून धरते. लाळेत ‘हिस्टॅटिन’ नावाची पेप्टाइड्स, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांतले हिस्टॅटिन-५ अवघ्या २४ अमिनो आम्लांचे. ते बुरशीच्या पेशीत शिरते, तिथले ऊर्जा पुरवणारे एटीपी बाहेर गळू लागते आणि पेशी मरते.

रेडिएशनने लाळग्रंथी होरपळल्या की हा पहारा उठतो. म्हणूनच नवी मुंबईत, खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतील डॉक्टरांची २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी महत्त्वाची ठरते. तीत ६० रुग्ण होते. प्रचलित त्रिमितीय पद्धतीत २८ पैकी २५ जणांना उपचारकाळात लाळग्रंथींचा मध्यम किंवा त्याहून अधिक त्रास झाला. ग्रंथी वाचवत किरण देणाऱ्या ‘आयएमआरटी’त ३२ पैकी १९ जणांना. फरक मोठा आहे, पण १९ हा आकडाही लहान नाही.

मग हिस्टॅटिनचेच औषध का करू नये? प्रयत्न झाले आहेत. अडचण अशी, की कॅन्डिडाची विकरे हे पेप्टाइड तोडू शकतात आणि तोंडात ते फार काळ टिकत नाही. बुरशीनाशक गोळ्यांनी थर जातो. मात्र कोरड कायम असेल तर तो परत येऊ शकतो. वारंवार औषध दिल्याने बुरशी दाद देईनाशी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कॅन्डिडा अल्बिकन्सला सर्वाधिक प्राधान्याच्या गटात ठेवले आहे.

त्यामुळे लाळग्रंथी वाचवणे ही चैन नव्हे. तो संसर्ग रोखण्याचाच भाग आहे. रेडिएशनपूर्वी दातांची तपासणी आणि ‘ग्रंथी वाचवता येतील का?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारायलाच हवा. इतरांनीही कोरड अंगावर काढू नये. मधुमेह, ॲलर्जी किंवा नैराश्यावरील काही औषधे यांनीही लाळ घटते. दम्याचा स्टेरॉइड पंप घेतल्यावर चूळ भरावी, कवळी रात्री काढून ठेवावी. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.