दहा रुपयांचे युनिट स्वस्त असते काय?

रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनची गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला फसवणे सोपे नाही. मालात ओलावा किती, काडीकचरा किती, हमाली-तोलाई किती कापली, वाशीमला काय भाव निघाला, हे त्याला तोंडपाठ असते. हिशेबपट्टीवरचा एक आकडा चुकला तर तो तेथल्या तेथे जाब विचारतो. त्याच शेतकऱ्याचा शिक्षक झालेला मुलगा मात्र म्युच्युअल फंडाच्या अर्जावर, इंग्रजीतील बारीक अक्षरांखाली, जेथे खूण केली असेल तेथे सह्या करून मोकळा होतो. बापाने क्विंटलमागे पाच रुपयांसाठी घातलेला वाद आणि मुलाने आयुष्याच्या शिलकीबाबत दाखवलेली ही बेफिकिरी यांतील अंतर शिक्षणाने कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते वाढलेले दिसते.

हा विषय श्रीमंतांचा, मुंबई-पुण्याचा, असे म्हणून तो बाजूला सारण्याचे दिवस गेले आहेत. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही. त्यांच्या वेतनातून कापलेली रक्कम अंशदायी योजनेत आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. मार्च २०२३ मधील संप याच प्रश्नावर झाला. त्या योजनेतील खातेसुद्धा युनिटांत मोजले जाते आणि त्या युनिटालाही रोजचे मूल्य असते. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी म्युच्युअल फंडाचे नाव काढले नाही, असा तालुक्यातील शिक्षकही त्या भाषेच्या राज्यात राहायला गेलेला आहे.

दुसरे कारण अधिक कटू आहे. मुदत ठेवींवरचे व्याज उतरले की माणूस ‘जास्त टक्के’ देणाऱ्याच्या दारी जातो. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेचे प्रकरण २०१५ मध्ये उघड्यावर आले, तेव्हा राज्यभरातील हजारो ठेवीदारांना कळले, की बँकेतील ठेवीला जे विम्याचे कवच असते ते पतसंस्थेतील ठेवीला नसते. असे हात पोळलेली माणसे आता म्युच्युअल फंडाकडे वळत आहेत. त्यात गैर काही नाही. पण पतसंस्थेत जाताना जो प्रश्न विचारला नाही तो येथेही विचारला नाही, तर केवळ दार बदलेल.

तर पहिला शब्द ‘एनएव्ही’, म्हणजे निव्वळ मालमत्ता मूल्य. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. काही शेतकऱ्यांनी मिळून एका गोदामात शंभर क्विंटल सोयाबीन ठेवले. भाव ४,००० रुपये धरला तर मालाची किंमत चार लाख. गोदामभाडे आणि राखणदार यांचे ४,००० रुपये वजा जाता उरले ३,९६,०००. या साऱ्या मालाचे ४०,००० समान हिस्से पाडले असतील, तर एका हिश्शाचे मूल्य ९ रुपये ९० पैसे. भाव ४,५०० झाला, की तोच हिस्सा ११ रुपये १५ पैशांचा होतो. हिस्सा म्हणजे युनिट आणि हे मूल्य म्हणजे एनएव्ही. गोदामात सोयाबीनऐवजी कंपन्यांचे समभाग किंवा कर्जरोखे असतात, एवढाच फरक.

ज्याला हे गोदाम समजले, तो पुढच्या एका सापळ्यात अडकणार नाही. नवी योजना बाजारात येते तेव्हा ‘केवळ दहा रुपयांत युनिट’ असे सांगितले जाते आणि जुन्या, दोनशे रुपये एनएव्ही असलेल्या योजनेपेक्षा ती स्वस्त वाटते. दहा हजार रुपयांत दहाची एक हजार युनिटे येतील, दोनशेची पन्नास. दोन्ही गोदामांतील माल वर्षात बारा टक्के वाढला, तर दोन्हीकडे ११,२०० रुपयेच होतील. चिल्लर अधिक असणे म्हणजे रक्कम अधिक असणे नव्हे. उलट दोनशेच्या योजनेचा मागील कारभार तपासता येतो. नव्या योजनेजवळ दाखवायला जाहिरातीखेरीज काही नसते.

आणि एनएव्ही न पाहता विश्वास ठेवल्यास काय होते, याचा धडा मराठी मध्यमवर्गाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. संसदेच्या १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या युनिट ट्रस्टने १९६४ मध्ये आपली पहिली योजना आणली. ‘यूएस-६४’ या नावाने ती घरोघरी पोहोचली. निवृत्तीच्या रकमेचा, मुलीच्या लग्नाच्या तरतुदीचा एक भाग तेथे ठेवणे ही शहाणपणाची खूण मानली जाई. सरकारी संस्था, दरवर्षीचा लाभांश. आणखी काय हवे? गोम अशी होती, की या योजनेच्या युनिटाचा खरेदी-विक्रीचा भाव गोदामातील मालावरून ठरत नव्हता. तो ट्रस्ट जाहीर करी. माल घसरला तरी पाटीवरचा भाव तसाच राही. १९९८ मध्ये हे दुखणे उघड झाले, दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एनएव्हीवर आधारित भावाकडे जाण्याची शिफारस केली. पण ते पुढे ढकलले गेले. दरम्यान मोठ्या कंपन्यांनी वाढीव भावाने आपले पैसे काढून घेतले. जुलै २००१ च्या आरंभी ट्रस्टने सहा महिन्यांसाठी खरेदी-विक्रीच थांबवली. ज्याच्या घरी त्या महिन्यात शस्त्रक्रिया होती त्याने काय करायचे? जानेवारी २००२ पासून योजना एनएव्हीवर आली तेव्हा ते मूल्य सहा रुपयांच्याही खाली होते. सरकारने लहान गुंतवणूकदारांना सावरून घेतले आणि २००३ मध्ये ट्रस्टचे विभाजन झाले. घोटाळ्याची चर्चा खूप झाली. ‘रोजचे खरे मूल्य दाखवा’ ही मागणी करण्याइतके शब्दज्ञान लाखो युनिटधारकांजवळ नव्हते, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

आज प्रत्येक योजनेची एनएव्ही कामकाजाच्या दर दिवशी जाहीर होते. सेबीचे नियम कडक झाले आहेत. आता फसवणूक आकडे लपवून कमी आणि आकडे सांगून अधिक होते. ‘दहा वर्षांत पैसे तिप्पट झाले, म्हणजे दोनशे टक्के, म्हणजे वर्षाला वीस टक्के’ हा हिशेब चहाच्या टपरीवर बिनचूक वाटतो. चक्रवाढीने पाहिले तर तो वर्षाला साधारण ११.६ टक्के एवढाच भरतो. सीएजीआर हे तीन-चार अक्षरांचे नाव याच हिशेबाचे. सावकारी चक्रवाढ ज्या विदर्भाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्याला स्वतःच्या बाजूने चक्रवाढ मोजता येऊ नये, हे नवल आहे.

खर्चाचे तसेच. योजना चालवण्याचा वार्षिक खर्च, म्हणजे खर्च गुणोत्तर, एनएव्हीतूनच कापला जातो. पावती हाती येत नाही म्हणून तो दिसत नाही. एक लाख रुपये वीस वर्षे बारा टक्क्यांनी वाढले तर सुमारे ९ लाख ६५ हजार होतात, अकरा टक्क्यांनी वाढले तर सुमारे ८ लाख ६ हजार. एका टक्क्याची ही अडत दीड लाखाहून अधिक. जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाविना ‘डायरेक्ट’ पर्यायाने गुंतवणूक करता येते आणि तिचा खर्च कमी असतो. याचा अर्थ प्रत्येकाने मध्यस्थ सोडावा असा नाही. बाजार पडल्यावर घाबरून पैसे काढणाऱ्याचा हात धरणारा प्रामाणिक सल्लागार आपल्या मोबदल्याला पात्र आहेच. पण तो किती घेतो हे विचारण्यात संकोच कसला?

‘एसआयपी’चा मंत्र सर्वांनी ऐकला आहे. दरमहा हजार रुपये, एनएव्ही क्रमाने २०, २५ आणि १६ असेल, तर तीन महिन्यांत १५२.५ युनिटे मिळतात. सरासरी खरेदी १९ रुपये ६७ पैशांना पडते, जरी तीन भावांची सरासरी २० रुपये ३३ पैसे असली. भाव पडलेल्या महिन्यात अधिक माल मिळाला, हे त्यामागचे गुपित. नेमका त्याच महिन्यात घाबरून हप्ता बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. मात्र महिन्याचा हप्ता ही पगारदाराची सोय आहे. ज्याच्या हाती सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास आणि तूर-हरभऱ्याचा होळीच्या सुमारास येतो, त्याच्या माथी दरमहाचा हप्ता मारणे म्हणजे खात्यात शिल्लक नाही म्हणून बँकेचा दंड भरायला लावणे. तिमाही हप्ता किंवा हंगामात एकरकमी भरणा हे मार्ग बहुतेक योजनांत आहेत. विक्रेता ते क्वचितच सांगतो.

‘डेट फंड’ म्हणजे मुदत ठेव, हा समज सर्वांत घातक. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा कर्जरोखे योजना एकाएकी गुंडाळल्या. पुढे हप्त्याहप्त्याने पैसे परत आले हे खरे. परंतु टाळेबंदीत, ऐन गरजेच्या दिवसांत, ते हाती नव्हते. माहितीपत्रकावरील ‘रिस्कोमीटर’ची सुई कोठे आहे, हे वाचायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ‘डिव्हिडंड’ या शब्दाचे नाव एप्रिल २०२१ पासून सेबीने बदलायला लावले, तेही याचसाठी, की तो लाभांश वरून पडत नाही. गुंतवणूकदाराच्याच भांडवलातून आणि वाढीतून निघतो आणि तेवढी एनएव्ही खाली येते. कराचे नियम २०१८, २०२३ आणि २०२४ मध्ये बदलले. ते मात्र दरवर्षी नव्याने विचारून घ्यावेत.

राहिला प्रश्न घरातील जुन्या कागदांचा. वडिलांनी कोणती युनिटे घेतली, नामनिर्देशन कोणाचे आहे, फोलिओ क्रमांक काय, हे अनेक घरांत कोणालाच ठाऊक नसते आणि वडील गेल्यावर ती रक्कम तशीच पडून राहते. अशा विसरलेल्या गुंतवणुकींचा शोध घेण्यासाठी सेबीच्या पुढाकाराने २०२५ मध्ये ‘मित्र’ नावाची सुविधा सुरू झाली आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईत पत्र्याची पेटी उघडली जाईल, तेव्हा रद्दीत काही टाकण्यापूर्वी त्या कागदांवरचे नाव आणि क्रमांक एका वहीत उतरवून ठेवावेत. आणि ती वही कोठे आहे, हे घरातील बाईला ठाऊक असावे.