जागच्या जागी

शोध हा शब्द कानी पडताच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे मोठमोठी यंत्रे उभी राहतात. आकाशातून झेपावणारे विमान दिसते, पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह दिसतो. परंतु अपुऱ्या जागेच्या कार्यशाळेत भिंतीवर फळी ठोकून, तिच्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवणारा कामगार कोणालाही आठवत नाही. त्यालाही संशोधक म्हणावे, हे ऐकून पुष्कळांना हसूच येईल. वास्तविक विमानाला वाट दाखवणारे शोध आणि थोड्या जागेत अवजारे नीट ठेवण्याचे शोध ही एकाच गुणाची दोन अपत्ये होत. ‘अमुक वस्तू या क्षणी नेमकी कोठे आहे?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर दोघेही देतात. आणि उत्तर चुकले, तर दोन्हीकडे गाठ प्राणांशी असते.

प्रथम आकाशातील वाटेचा विचार करावा. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरील धावपट्टीच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ हे आकडे लिहिलेले आहेत. हे आकडे म्हणजे दिशाच होत. होकायंत्राच्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे अंश मोजीत गेले, तर सुमारे १०० अंशांवर धावपट्टीची एक दिशा येते व सुमारे २८० अंशांवर दुसरी. त्यांतील शेवटचे शून्य गाळले, की हे आकडे उरतात. पण होकायंत्राची उत्तर कायमची एका जागी नसते. ती वर्षानुवर्षे हळूहळू सरकत असते. म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वावर कोणी तरी अखंड लक्ष ठेवावे लागते. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून हे काम चालत असे. पुढे शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे नाजूक उपकरणे विचलित होतील हे ओळखून १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळण्यात आले. आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन, त्या ताडून पाहून मगच कुलाब्याचे काम थांबवण्यात आले. वाट दाखवणाऱ्या सुईलाही आधी योग्य जागा द्यावी लागते, ती अशी!

दिशा कळली, तरी उंची कळावयास हवी. विमानातील उंचीमापक मुख्यतः हवेचा दाब मोजतो. वर जावे तसा दाब कमी होतो, या नियमावर त्याचे गणित बसवलेले असते. परंतु जमिनीवरचा दाब रोज बदलतो. पावसाळ्यात तर तो बराच उतरतो. म्हणून उतरण्यापूर्वी वैमानिकाला विमानतळावरून त्या वेळचा दाब कळवण्यात येतो व त्यानुसार तो आपले यंत्र जुळवून घेतो. पुण्याच्या उंचीवर एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत सुमारे नऊ मीटरांची चूक. दहा हेक्टोपास्कल चुकले, तर पंचवीस मजली इमारतीहून अधिक अंतर चुकले! शिवाजीनगर भागातील ज्या वास्तूला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तेथे १९२८ साली हवामानखात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून आले. दाबमापकासारखी उपकरणे तयार करण्याचे व पारखून घेण्याचे काम पुण्याच्या कार्यशाळेत होत आले आहे. त्या कार्यशाळेतील कारागिराचे नाव कोणत्याही प्रवाशाला ठाऊक नसते. तथापि त्याच्या काटेकोरपणावर त्या प्रवाशाचा जीव अवलंबून असतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, तेव्हा त्यांच्या लहानशा विमानात बिनतारी यंत्रणाही नव्हती. खाली दिसणाऱ्या खुणा आणि होकायंत्र एवढ्यावरच त्यांची भिस्त होती. आज उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून विमानाचे स्थान कळते. संदेश निघण्याची व पोहोचण्याची वेळ यांतील अंतरावरून उपग्रह किती दूर आहे हे काढतात. असे निदान चार उपग्रह लागतात. संदेश प्रकाशाच्या वेगाने येत असल्याने घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरांनी चुकते. शिवाय वातावरणाच्या वरच्या थरांतून येताना संदेश किंचित रेंगाळतो. ही चूक सुधारण्यासाठी भारताने ‘गगन’ नावाची व्यवस्था उभारली. तिची युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. देशभर पंधरा केंद्रे स्थापण्यात आली व प्रत्येक केंद्राची जागा अत्यंत अचूक मोजण्यात आली. उपग्रहांच्या संदेशांवरून निघणारी जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत जो फरक पडतो, तीच उपग्रहाच्या सांगण्यातील चूक. तिचा हिशेब करून दुरुस्ती विमानांना कळवतात. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे एक प्रवासी विमान या व्यवस्थेच्या साहाय्याने धावपट्टीवर उतरवण्यात आले. आकाशातील चंचल विमानाला वाट सापडते, ती जमिनीवर कोणी तरी आपली जागा न सोडता उभे असते म्हणून!

आता जमिनीवरच्या लहानशा कार्यशाळेकडे वळावे. पुण्याच्या जुन्या पेठांत जागेची टंचाई काही नवी नाही. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत कोनाडे व फडताळे काढलेली असत. भिंतीला खुंट्या असत. वर माळा असे. जी जागा जमिनीवर मिळत नाही, ती भिंतीत व आढ्याखाली शोधावी, ही त्यामागची युक्ती. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्यापितळेची भांडी घडवणारे कारागीर आहेत. बसल्या जागेवरून हात लांबवला, की हवी ती हातोडी हाती यावी, नाही तर घाव घालण्यापेक्षा शोधण्यातच दिवस सरावयाचा, हे अशा धंद्यात कोणाला शिकवावे लागत नाही. जपानमधील कारखान्यांनी याच शहाणपणाचे शास्त्र बनवले. नको ते दूर करणे आणि हवे ते ठरल्या जागी ठेवणे, हे त्यातील पहिले दोन नियम होत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतूनही हे शास्त्र परिचयाचे झाले आहे. फळीवर पान्याची आकृती रंगवलेली असली, की जागा तर वाचतेच. पण त्याहून मोठी गोष्ट घडते. पाना नसला, तर रिकामी आकृती ओरडून सांगते, ‘येथील वस्तू अजून परत आलेली नाही!’

विमानांच्या दुरुस्तीत या रिकाम्या आकृतीचे मोल फार मोठे आहे. तेथे अवजारांच्या पेटीत प्रत्येक अवजारासाठी त्याच्याच आकाराचा खळगा कोरलेला असतो आणि काम संपल्यावर अवजारे मोजून घेण्याचा दंडक असतो. या दंडकात ढिलाई झाली तर काय होते, हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसून आले. ऑस्ट्रेलियातील एका कंपनीच्या प्रचंड प्रवासी विमानाची अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे देखभाल झाली. त्या वेळी सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे एक अवजार इंजिनातच राहून गेले. अवजार परत आले नाही म्हणजे जी शोधाशोध नियमाने व्हावयाची, ती विमान सुटण्यापूर्वी झाली नाही. त्या अवस्थेत त्या विमानाने ३४ उड्डाणे केली. १ जानेवारी २०२४ रोजी तपासणीत ते अवजार सापडले. सुदैवाने अनर्थ टळला. पण सुदैव म्हणजे काही व्यवस्था नव्हे. वाट दाखवणारी सारी यंत्रे त्या विमानात होती. त्याची जागा क्षणोक्षणी कळत होती. त्याच्या पोटातील अवजाराची जागा मात्र कोणालाच ठाऊक नव्हती.

यावर कोणी म्हणेल, ‘पसाऱ्यातूनच थोर शोध लागतात. अलेक्झांडर फ्लेमिंगची प्रयोगशाळा अस्ताव्यस्त होती, म्हणून तर १९२८ साली त्याला पेनिसिलीन सापडले!’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. बशीवर बुरशी आली, ती योगायोगाने. परंतु त्या बशीत जंतू कोठे असावयास हवेत आणि ते कोठे नाहीत, हे फ्लेमिंगने अचूक हेरले. पसारा तर अनेकांचा असतो. नजर मात्र त्याची होती. शिवाय त्या बुरशीचे औषध होण्यास ऑक्सफर्ड येथील फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी यांचे शिस्तबद्ध परिश्रम लागले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले, ते काटेकोर स्वच्छतेच्या बळावर, पसाऱ्याच्या नव्हे. योगायोग दार ठोठावतो हे खरे. पण दार उघडण्यासाठी किल्ली जागेवर सापडावी लागते.

म्हणून शोधांची थोरवी त्यांच्या आकारावरून ठरवू नये. शाळांतील विज्ञान-प्रदर्शनांत अग्निबाणांच्या प्रतिकृतींना बक्षिसे मिळतात, ती अवश्य मिळावीत. पण शाळेच्या अडगळीच्या खोलीत चार खुंट्या व दोन फळ्या कल्पकतेने बसवून जो विद्यार्थी निम्मी जागा मोकळी करून दाखवील, त्याचाही तेथे तितकाच गौरव व्हावा. ज्याला आपली पट्टी आणि कंपास रोज ठरल्या जागी ठेवण्याचे महत्त्व कळले, त्याने वाट शोधण्याच्या शास्त्राचा पहिला धडा गिरवला असे खुशाल समजावे. उद्या तो वैमानिक होवो, की विमानाचा पाना जपणारा कारागीर होवो. त्याच्या हाती माणसांचे प्राण सुरक्षित राहतील.