सव्वादोनचे माप

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा आम्हां तेरखेडेकरांना घरच्या कार्यासारखीच. आणि चुनखडी वेचून झाली की आमच्या कुटुंबाची पावले नेमाने वळतात ती कासाराच्या पालाकडे. यंदा त्या पालाच्या तोंडाशी, चपला सांभाळण्याच्या मानाच्या हुद्द्यावर नेमणूक होऊन मी उभा असता, त्या गृहस्थाने हिचा हात हाती घेतला, क्षणभर दाबून पाहिला आणि माप न लावताच सांगितले, "सव्वादोन. हात मोकळा सोडा, वैनी." तीस वर्षांच्या संसारात हे माप आपणांस ठाऊक नाही, हे मला तेथे प्रथमच उमगले, आणि त्याहून दुःसह हे की, माझ्यासमोर सदैव कमरेवर असणारा तो हात तेथे निमूट सैल पडला होता. ज्या गावची ख्याती फटाक्यांच्या दारूकामावर उभी, तेथला रहिवासी असूनही मी सादळलेल्या सुतळी बाँबसारखा नुसता धुमसत राहिलो.

मत्सर ही स्त्रियांची मिरास, हा पुरुषांनी परस्पर लावून घेतलेला निकाल आहे. राधेला देवाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली, दिंडीरवनात जाऊन बसली, आणि पंढरीत तिचे देऊळ अद्याप वेगळे आहे, हे सारे कथेकरी रंगवून सांगतात. तिच्यापायी देवाने द्वारका सोडली, ही नोंद मात्र घाईने उरकतात. आमच्या जिल्ह्यातले तेर ज्या काळी तगर नावाने सातासमुद्रापार ठाऊक होते, त्या सातवाहनांच्या काळातील हालाच्या गाथासप्तशतीतही, रुसण्याचा निश्चय करून प्रियकर दिसताच तो गमावून बसतात त्या नायिकाच. मग माझी कैफियत कोणत्या दफ्तरी रुजू व्हावी?

चुडा भरून होताच हिने पदर सावरून रिवाजाप्रमाणे कासाराला नमस्कार केला. (मला तो दिवाळीच्या पाडव्याला मिळतो, तोही ओवाळणीवर नजर ठेवून.)

"गप्प का?" वाटेत हिने विचारले.

"ऊन फार आहे."

ही पदरात हसली. रात्री मनगट पुढे करून म्हणाली, "ही एक जरा काचतीय. बघा बरं, तुम्हाला काढता येते का." मी सर्व कौशल्य पणाला लावले आणि बांगडी वाढली.

"बरं झालं," ही म्हणाली, "आता उद्या पुन्हा कासाराकडं जाणं आलं. चपला सांभाळायला याल ना?"