कापसाचे अस्वल आणि पिठाचा कोंबडा

यवतमाळ जिल्ह्याची ओळख कापसाने आहे. जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळी झालेली रुई गाठींत बांधली जाते आणि गिरणीच्या वाटेला लागते. तथापि त्यातला मूठभर कापूस घराघरांत राहत आला. त्याच्या गाद्या-उशा झाल्या, आणि उरलेला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात भरून मुलांसाठी हत्ती, ससे, अस्वले शिवली गेली. पुढे बाजारातून केसाळ खेळणी आली, तरी घरी शिवलेले प्राणी माळ्यावरच्या पेट्यांतून अद्याप निघतात.

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत असा एखादा प्राणी हाती आला की प्रथम हसू येते. हत्तीची सोंड पायाएवढी जाड, सशाचा एक कान आखूड, वाघाच्या चेहऱ्यावर गाईचा भोळेपणा. एक डोळा मूळचा, दुसरा सदऱ्याचे बटण. निसर्गात असा प्राणी कोठेही आढळणार नाही. तरीही तो टाकून देण्यास हात धजत नाही. कारण त्याच्या पोटावरचा कापड झिजला आहे तो कोणाच्या तरी कुशीत झोपून.

या खेळण्यांचा जागतिक इतिहासही असाच विलक्षण आहे. जर्मनीतील गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ या स्त्रीने १८८० मध्ये नमद्याचा एक छोटा हत्ती शिवला. बालपणी पोलिओ झाल्याने ती चाकांच्या खुर्चीत बसून शिवणकाम करी. हत्ती होता टाचण्या टोचून ठेवण्यासाठी. मुलांनी मात्र त्याला खेळायला घेतले, आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. त्या कारखान्याच्या आरंभीच्या अस्वलांच्या पोटात लाकडाचे बारीक छिलके भरत. पाठीला कुबड, हात लांबलचक, आणि डोळ्यांच्या जागी बुटांची काळी बटणे.

अस्वलाला ‘टेडी’ हे नाव मिळाले ते एका शिकारीमुळे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीच्या जंगलात गेले होते. सोबत्यांनी एक जखमी अस्वल झाडाला बांधून त्यांच्यापुढे ठेवले. बांधलेल्या प्राण्यावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला. या प्रसंगाचे व्यंगचित्र वृत्तपत्रात आले, आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल शिवून त्याला राष्ट्राध्यक्षांचे लाडके नाव दिले. वास्तविक रूझवेल्ट हे हाडाचे शिकारी होते, आणि ते अस्वलही यातनांतून सोडवण्याच्या हेतूने अखेर मारलेच गेले. परंतु जगभरच्या मुलांनी त्या प्रसंगातला न झाडलेल्या गोळीचा क्षण तेवढा उचलला आणि उराशी धरला.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे दृश्य नागपुरात पाहावयास मिळते. १८६३ मध्ये स्थापन झालेले तेथील मध्यवर्ती संग्रहालय लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ आहे. तेथे पेंढा भरलेले खरे प्राणी काचेआड उभे आहेत. त्यांचे रूप हुबेहूब आहे, आणि अभ्यासकाला त्यांचा उपयोगही आहे. तथापि संस्थानी दिवाणखान्यांतून भिंतीवर टांगलेली वाघाची मुंडकी पराक्रमाची खूण म्हणून मिरवली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या त्या वैभवाला आळा घातला. एके ठिकाणी रूप खरे आणि जीव घेतलेला. दुसरीकडे रूप वेडेवाकडे आणि जीव लावलेला.

निर्जीव प्रतिकृतीशी माणूस कसा वागतो याला काय महत्त्व, असे कोणी विचारील. जैन वाङ्मयाने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचम्पू’त उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा येते. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी देवीला बळी द्यावा, असा आग्रह त्याची माता चंद्रमती धरते. राजा जीवहत्येस तयार होत नाही. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. पण मारण्याचा भाव घडलेला असतो. त्या भावापायी माता-पुत्रांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींतून भटकावे लागते.

पिठाच्या कोंबड्यावर सुरी चालवताना जर भावहिंसा घडते, तर कापसाच्या अस्वलाला पांघरूण घालणाऱ्या बालकाच्या मनातही काही घडत असले पाहिजे. ‘त्याला थंडी वाजेल’ हे वाक्य करुणेचे पहिले अक्षर होय. टिपेश्वरच्या रानात खरी अस्वले आणि खरे वाघ आहेत, आणि रानालगतच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यांचे भयही येते. अशा जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलाच्या मनात भयाशेजारी ममतेलाही जागा असणे ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून मूल खेळण्याला आपटू लागले की ‘तुटेल, पैसे पडलेत’ असे सांगण्याऐवजी ‘त्याला लागेल’ असे सांगणारी आजी अधिक मोलाचे देऊन जाते. जुने खेळणे जपण्यातही जयणा हवी. कापसात दमट राहिले की कसर लागते आणि मग नाइलाजाने जीवांची विराधना होते. तेव्हा ते आधीच कोरडे, झटकून, स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवावे; शिवण उसवली असेल तर दोन टाके घालावेत, आणि ते टाके शक्य तर नातवंडांकडूनच घालून घ्यावेत.