घरकुलाचा स्लॅब पडतोय, पण धुरानं जायचं कुठून?

गावोगाव सध्या घरकुलांची कामं सुरू आहेत. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात झालेल्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख कुटुंबांना प्रधानमंत्री आवास योजनेची मंजुरीपत्रं मिळाली. त्यातल्या १० लाख जणांना पहिला हप्ताही सुटला. जुनं कौलारू घर उतरवायचं आणि त्याच जागेवर स्लॅबचं घर उभं करायचं, हेच चित्र सगळीकडे दिसतंय. पण या नव्या घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते. चुलीचं धुराडं.

"घरात गॅस आलाय, आता चूल कशाला?" असं गवंडीही म्हणतो आणि घरातला कर्ता माणूसही. आकडे मात्र वेगळंच सांगतात.

टाकी आहे, पण पुरत नाही

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. देशात आज १० कोटींहून जास्त जोडण्या आहेत. तरीही २०२४-२५ मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकानं वर्षात सरासरी साडेचारच टाक्या भरून घेतल्या. म्हणजे एक टाकी जवळपास ८० दिवस चालवली. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला, तर टाकी महिना-दीड महिन्याच्या पुढे क्वचितच जाते. मग मधले दिवस कशावर निघतात? चुलीवरच.

एप्रिल २०२५ मध्ये टाकी ५० रुपयांनी महागली. उज्ज्वलाच्या ग्राहकाला टाकीमागे ३०० रुपये अनुदान आहे, पण २०२५-२६ साठी ते वर्षाला नऊ टाक्यांपुरतंच ठेवलं. शिवाय टाकीचे पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि बांधावरची बाभूळ फुकट मिळते. त्यामुळे चहा आणि भाजी गॅसवर, तर भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी विभागणी घरोघरी झाली आहे. चूल गेलेली नाही, हे आधी मान्य करायला हवं.

कौलातून धूर निघायचा, स्लॅबमधून निघत नाही

जुन्या घरात कौलांच्या फटीतून धूर वर जायचा. आढं काळं व्हायचं, पण धूर कोंडून राहत नव्हता. स्लॅबच्या घरात वर फट नाही, खिडकी लहान, त्यात थंडी-पावसात तीही बंद. तीच चूल, तीच लाकडं, पण बाईच्या नाकात जाणारा धूर वाढला. घर पक्कं झालं आणि स्वयंपाकघर जास्त घातक झालं, असा हा उलटा प्रकार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख लोकांचे बळी गेले. दमा, फुप्फुसाचे जुनाट आजार, हृदयविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया या सगळ्यांचा या धुराशी संबंध आहे. हा धूर सर्वात जास्त घेते ती चुलीपुढची बाई आणि तिच्या मांडीवरचं पोर.

आधीच्या निर्धूर चुली का विझल्या?

धुराड्याची चूल गावाला नवी नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा कार्यक्रम राबवला. देशभर कोट्यवधी चुली बसल्या आणि २००२ मध्ये कार्यक्रम बंद पडला. चुली किती बसल्या याचा हिशेब ठेवला, पण पुढे त्या चालतात का, हे फारसं कुणी पाहिलं नाही. ओडिशातल्या एका मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं. पहिल्या वर्षी बायकांच्या अंगात जाणारा धूर कमी झाला, पण पुढे दुरुस्ती आणि सफाई न झाल्यानं फायदा संपला. धुराडं बसवणं हे अर्धंच काम. ते साफ ठेवता येईल असं बसवणं हे खरं काम.

स्लॅबआधी काय ठरवायचं?

- जागा : चूल बाहेरच्या भिंतीला लागून घ्या. लाकडी खांब, दार आणि गॅसची टाकी तिच्यापासून लांब ठेवा.
- भोक : पाइप स्लॅबमधून न्यायचा असेल, तर स्लॅब टाकतानाच मोठ्या पाइपाचा तुकडा सोडून ठेवा. नंतर फोडलं तर गज तुटतात आणि पावसाळ्यात गळती ठरलेली.
- पाइप : दोन भांड्यांच्या चुलीला साधारण तीन-चार इंची पत्र्याचा पाइप चालतो. प्लॅस्टिकचा वितळतो. सिमेंट-पत्र्याच्या पाइपात ॲसबेस्टॉस असू शकतं आणि तो कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते.
- चढ : पाइप शक्य तितका सरळ वर न्या. आडवा नेला की काजळी साठते आणि धूर माघारी येतो.
- उंची : टोक छतापेक्षा किमान दोन फूट वर हवं. कौलारू घरात आढ्यापेक्षा उंच हवं. वर टोपी बसवा, नाहीतर पाऊस थेट चुलीत.
- सफाई : पाइप तळाशी उघडता आला पाहिजे. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, काजळी काढा.

एक खबरदारी विसरू नका. धुराडं असलं तरी खिडकी उघडी हवी. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं तर जिवावर बेततं. तो वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही.

पैसे आहेत, रकाना नाही

घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. राज्यानं २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली, पैकी १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. योजनेच्या नियमांत घर किमान २५ चौरस मीटरचं आणि त्यात स्वयंपाकाला स्वच्छ जागा असावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण हप्ता सुटतो तो पाया, छत अशा टप्प्यांच्या फोटोवर. छतावर पॅनेल येईल, खाली स्वयंपाकघरात धूर तसाच कोंडलेला राहील.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. ग्रामपंचायतीनं गवंड्यांना एक दिवस बोलावून धुराड्याची पद्धत दाखवावी, लाभार्थ्याला द्यायच्या नकाशात चुलीची जागा आणि स्लॅबमधलं भोक आखून द्यावं. ग्रामसभेत हा विषय महिलांनीच मांडला तर टाळता येणार नाही. गॅस पूर्णपणे परवडेल तो दिवस लवकर यावा हे खरंच. पण आज टाकलेला स्लॅब पुढची कित्येक वर्षं डोक्यावर राहणार आहे, आणि त्यात भोक ठेवायचं की नाही, हे सेंट्रिंग बांधताना ठरतं.